पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीला बसलेल्या माणसांपैकी काहींच्या पानावर तुपाची धार सढळ हाताने धरावयाची आणि काहींच्या पानावरून वाढप्याने नजर चुकवून पुढे जावयाचे, या आचाराला आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असे नाव आहे. आणि आपल्या समाजाने उच्चनीचतेचे नाना प्रकार शतकानुशतके निमूटपणे चालू दिले असले, तरी हा शब्द उच्चारताना त्याने आपला तिरस्कार कधी लपविलेला नाही. ज्याला पाणवठा वेगळा ठेवण्यात काही वावगे वाटत नव्हते, त्यालादेखील आपल्या घरच्या पंगतीत प्रपंच झाल्याचा आरोप सहन होत नसे. परंतु या निंदेच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. पंगतीत लहान मूल असते, पथ्यावरचा वृद्ध असतो, दिवसभर नांगर धरून आलेला गडी असतो. या सर्वांना एकाच मापाने वाढणे म्हणजे समता, असे कोणतीही सुज्ञ गृहिणी मानीत नाही. मग भेद न्याय्य केव्हा ठरतो आणि त्याचा प्रपंच केव्हा होतो? हा प्रश्न मी ग्रंथांतून पुष्कळदा वाचला होता. पण तो स्वतःच्या हातांनी सोडविण्याची वेळ माझ्यावर आली ती घरातल्या राऊटरची सेटिंगे उघडून बसलो त्या रात्री.

आमच्या घरात सहा माणसे आहेत आणि सहाजणांत मिळून इंटरनेटची जोडणी एकच आहे. माझी आई ८२ वर्षांची. दर रविवारी संध्याकाळी ती टोरांटोला मुलाकडे राहणाऱ्या आपल्या धाकट्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलते, आणि तिचा सारा आठवडा त्या अर्ध्या तासाभोवती फिरतो. त्या रविवारी माझा पुतण्या वरच्या खोलीत बसून एका लग्नाचे चित्रण नातेवाइकांसाठी अपलोड करीत होता. खाली मावशी पुनःपुन्हा सांगत होती, "अक्का, तुझा आवाज तुटतोय गं," आणि आई मोबाइल तोंडाशी धरून अधिकाधिक मोठ्याने बोलत होती. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, मी एवढी ओरडतेय तरी तिला ऐकू कसं जात नाही?" पुढच्या महिन्यात आम्ही जास्त पैशांची योजना घेतली. खाली येणारी वाट दुप्पट रुंद झाली. वर जाणारी वाट होती तेवढीच, सेकंदाला १० मेगाबिटांची राहिली. आणि आईचा आवाज तुटतच राहिला.

या तुटण्याचे कारण नीट पाहिले पाहिजे, कारण न्यायाचा सारा प्रश्न त्यातच आहे. जाळ्यावरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ती हाक असो की लग्नाचे चित्रण, लहान लहान पॅकेटांत तोडली जाते आणि घराबाहेर पडण्यासाठी एकाच दारापुढे रांगेत उभी राहते. साध्या टेलिफोनी रीतीने पाठविलेल्या आवाजाची सेकंदाला ५० पॅकेटे होतात, आणि प्रत्येक पॅकेट मथळ्यासकट अवघे २०० बाइटांचे असते. म्हणजे आवाजाची मागणी ८० किलोबिटांची, १० मेगाबिटांच्या वाटेचा शंभरावा हिस्साही नव्हे. उलट चित्रणाची पॅकेटे १५०० बाइटांची असतात आणि ती हजारोंच्या संख्येने, वाट भरेपर्यंत येतच राहतात. दोघांना एकाच रांगेत उभे केले आणि जो आधी आला त्याला आधी सोडले, तर वरवर पाहता यात कोणावर अन्याय नाही. आणि तरीही प्रत्यक्षात असे होते की, जिने शंभरावा हिस्साही मागितला नव्हता तिला सर्वस्व मागणाऱ्याच्या पाठीमागे तिष्ठत राहावे लागते. संभाषण नैसर्गिक वाटण्यासाठी आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. तेवढ्या वेळात न पोहोचलेला शब्द पोहोचूनही संभाषणाच्या कामी येत नाही. सर्वांना एक नियम लावला म्हणजे सर्वांना न्याय मिळाला, ही समजूत किती उथळ आहे हे या एका रांगेवरून कळते.

यावर माणसाला सुचलेला पहिला उपाय पायऱ्यांचा. अमेरिकी संरक्षण खात्याच्या आश्रयाने वाढलेल्या जाळ्याचा मूळ नियमग्रंथ १९८१ साली सिद्ध झाला, तेव्हा त्यात प्रत्येक पॅकेटाच्या मथळ्यावर तीन बिटांची जागा अग्रक्रमासाठी राखून ठेवली होती. तीन बिटांत आठ दर्जे मावतात. लष्करी संदेशांच्या वहिवाटीप्रमाणे सर्वांत खाली नित्याचे, त्यावर अग्रक्रमाचे, मग तातडीचे, मग विजेच्या वेगाने न्यावयाचे, अशी ती उतरंड होती, आणि अगदी वरच्या दोन पायऱ्या खुद्द जाळ्याच्या कारभारासाठी होत्या. १९९८ साली या जागेचा विस्तार सहा बिटांपर्यंत झाला आणि ६४ खुणा करण्याची सोय झाली. एखाद्या कचेरीत, जेथे सर्व यंत्रे एकाच अंमलाखाली आहेत, तेथे ही व्यवस्था आजही उत्तम चालते. पण कचेरीचा उंबरठा ओलांडला की तिचा पायाच ढासळतो. कारण कपाळावरचा टिळा ज्याचा त्यानेच लावावयाचा असतो, आणि श्रेष्ठत्वाचा टिळा लावण्यास काहीच मोल पडत नसेल, तर तो न लावणारा एकटा भाबडाच मागे राहतो. म्हणून एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात शिरताना, नाक्यावरचा राऊटर बाहेरून आलेल्या या खुणांवर विसंबत नाही. बहुधा तो त्या सरसकट पुसून टाकतो आणि आपल्या दप्तराप्रमाणे नव्या खुणा घालतो.

या पुसण्याकडे मी फार वेळ पाहत राहिलो, हे येथे सांगितले पाहिजे. जन्माबरोबर मिळालेला दर्जा, कपाळावरची खूण आणि त्या खुणेच्या जोरावर रांगेत पुढे जाण्याचा वंशपरंपरागत हक्क, यांचा इतिहास आपल्या गावागावांत वतन, मान आणि हक्क या नावांनी नांदलेला आहे. आणि त्याचे समर्थन करणारे नेहमी असेच म्हणत आले की, दर्जे नसतील तर व्यवस्था राहणार नाही. ज्यांना कोणताही सामाजिक वाद खेळावयाचा नव्हता, केवळ तारा आणि यंत्रे नीट चालवावयाची होती, अशा अभियंत्यांना अनुभवाने जे कळले ते असे की, जी खूण पडताळून पाहता येत नाही तिच्यावर न्याय उभा राहत नाही.

दुसरा विचार १९८५ च्या डिसेंबरात जॉन नेगल या अभियंत्याने मांडला. त्याचे म्हणणे असे की, एकाच रांगेच्या व्यवस्थेत प्रत्येकाचा स्वार्थ शक्य तितकी अधिक पॅकेटे लोटण्यातच असतो. सार्वजनिक गायरानात प्रत्येकाने आपले आणखी एक जनावर सोडावे आणि अखेरीस कोणाच्याच जनावराला चारा उरू नये, तसे यात होते. हा धोका काल्पनिक नव्हता. पुढच्याच वर्षी, १९८६ च्या ऑक्टोबरात, कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचे विद्यापीठ यांच्यामधल्या अवघ्या ४०० यार्डांच्या वाटेवरची वाहतूक सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर येऊन कोसळली. नेगलने सुचविलेला तोडगा साधा होता: प्रत्येक पाठविणाऱ्याची रांग वेगळी करा आणि पाळीपाळीने प्रत्येक रांगेतून एकेक पॅकेट सोडा, म्हणजे जो अधिक लोटील त्याची स्वतःचीच रांग लांबेल, शेजाऱ्याची नव्हे. १९८९ साली डेमर्स, केशव आणि शेंकर या तिघांनी त्यातली उणीव दूर केली. पॅकेटे मोजली तर मोठ्या पॅकेटवाल्याचा फायदा होतो, म्हणून पाळी बिटांच्या हिशेबाने धरली पाहिजे, असे त्यांनी दाखविले.

या वाटणीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. वाट १० मेगाबिटांची, मागणारे तिघे, एकाला १ हवा, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २०. मागणीच्या प्रमाणात वाटले, तर पहिल्याच्या वाट्याला अर्धाही येत नाही आणि तिसरा आठांहून अधिक घेऊन जातो. म्हणजे ज्याची हाव मोठी त्याला हिस्साही मोठा. आता प्रथम समान वाटा करा. प्रत्येकाला सव्वातीनाच्या आसपास येतात. पहिल्याची गरज एकातच भागते, तो तृप्त होऊन उठतो आणि त्याचे उरलेले दोघांत वाटले जाते. दुसऱ्याचे तिनात भागते. आणि उरलेले ६ तिसऱ्याला मिळतात. येथे गरजेहून अधिक कोणालाच दिले नाही, दिलेले काही वाया घालविले नाही, आणि जो सर्वांत कमी मागत होता त्याच्या पूर्ण तृप्तीनंतरच मोठ्या भुकेचा विचार केला. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ साली न्यायावरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, समाजात आपले स्थान कोणते असेल हे ठाऊक नसताना माणसे जे नियम पत्करतील ते न्याय्य, आणि विषमता राहिलीच तर ती सर्वांत दुबळ्याच्या हिताची असली पाहिजे. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदर्शित्व हे पंडिताचे लक्षण सांगितले आहे, आणि तेथे हत्ती आणि कुत्रा यांचे नाव एका दमात घेतले आहे. पण दोघांकडे समदृष्टीने पाहणारा पंडित दोघांपुढे एकाच मापाचा चारा टाकीत नाही. दृष्टी सम असावी, माप गरजेचे असावे, आणि वाटपाचा आरंभ मात्र समान हक्कापासून व्हावा. वरच्या तीन ओळींच्या हिशेबात ही तिन्ही तत्त्वे मला एकत्र सापडली.

परंतु समान वाटणी म्हटली की ती कोणाकोणांत, हा प्रश्न उरतोच. रांग जर दर जोडणीला एक दिली, तर एकाच यंत्रावरचा एखादा कार्यक्रम पन्नास जोडण्या उघडून पन्नास हिस्से पदरात पाडून घेतो; आईचा कॉल मात्र एका हिश्श्याचा धनी राहतो. बॉब ब्रिस्को या ब्रिटिश अभियंत्याने २००७ साली लिहिलेल्या निबंधात जोडणीनिहाय समतेच्या या श्रद्धेला धर्ममत म्हटले आणि ते मोडून काढण्याचा प्रयत्न केला. आपल्या वाटणीच्या खटल्यांत हिस्से दरडोई पडावेत की दर शाखेला, यावर पिढ्या झगडल्या, तोच हा वाद. पुरंदर तालुक्यातल्या नायगावी १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठरता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठरला आणि भूमिहीनालाही हिस्सा मिळाला. त्या प्रयोगाचे मोठेपण, वाटणीचे एकक माणूस आहे हे ठामपणे सांगण्यात होते. मीही माझ्या राऊटरमध्ये वाटणी प्रथम घरातल्या यंत्रांत आणि मग प्रत्येक यंत्राच्या जोडण्यांत, अशी लावली.

यानंतर मला जे कळले ते सर्वांत मोलाचे होते, कारण ते दुसऱ्याच्या लोभाविषयी नसून साठवण करणाऱ्याविषयी होते. पॅकेट हरवू नये या सद्हेतूने यंत्रे बनविणाऱ्यांनी दाराशी मोठमोठी कोठारे बांधून ठेवली. मोडेममध्ये २ मेगाबाइट साठा राहत असेल आणि वाट १० मेगाबिटांची असेल, तर त्या साठ्याच्या शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटाला दीड सेकंदाहून अधिक काळ थांबावे लागते. काहीच टाकावयाचे नाही या आग्रहाने सर्वांनाच उशीर होतो. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या व्याधीकडे जगाचे लक्ष वेधले, आणि २०१२ साली कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी तिच्यावर औषध दिले. रांग किती लांब आहे याची चौकशी न करता, पॅकेट रांगेत किती वेळ उभे राहिले तेवढेच पाहावयाचे. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही तो वेळ ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, तर रांगेच्या तोंडचेच एक पॅकेट टाकून द्यावयाचे. पाठविणाऱ्या यंत्राला त्यावरून सूचना मिळते आणि ते आपला वेग आवरते. थोडक्यात, वेळेवर दिलेला नकार हा उशिरा दिलेल्या होकाराहून अधिक दयाळू असतो. ज्या कचेऱ्यांतून रयतेचे अर्ज वर्षानुवर्षे फेटाळलेही जात नाहीत आणि मंजूरही होत नाहीत, त्यांना हे तत्त्व कोणीतरी समजावून सांगावयास हवे.

हे दोन विचार, वेगळ्या रांगांचा आणि वेळीच नकाराचा, पुढे एकत्र आले आणि २०१८ साली नियमग्रंथांत रुजू झाले. त्या मीलनात एक नवी गोष्ट आहे. जी जोडणी नुकतीच आली आहे किंवा जी अधूनमधून थोडेसेच पाठविते, तिची रांग आधी सोडली जाते. तिने आपला एका पाळीचा वाटा ओलांडला की ती आपोआप जुन्या रांगांत जाऊन बसते. येथे कोणाच्या कपाळावरची खूण वाचलेली नाही. पाकीट फोडून आतला मजकूर पाहिलेला नाही, आणि आता बहुतेक पाकिटे मोहोरबंद असल्यामुळे तो पाहताही येत नाही. आवाजाला अग्रक्रम मिळाला तो आवाज म्हणून नव्हे. तो थोडके मागतो आणि थांबून थांबून मागतो, म्हणून. दर्जा जन्मावर न राहता वर्तनावर आला, आणि वर्तन बदलताच तोही बदलला.

मात्र ही सारी व्यवस्था चालण्यासाठी एक अट आहे, आणि ती पाळताना माझा हात क्षणभर अडखळला. वाट १० मेगाबिटांची असेल, तर राऊटरला ती ९ चीच आहे असे सांगावे लागते. पूर्ण १० सोडले, तर रांग आपल्या राऊटरमध्ये न लागता पुढच्या मोडेममध्ये लागते, जेथे आपला कोणताही बंदोबस्त चालत नाही. एक दशांशावर पाणी सोडले, तर रांग आपल्या दारात राहते आणि तिच्यात न्याय करता येतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा दहावा भाग आपण होऊन सोडावयाचा, आणि त्या सोडण्यातूनच उरलेल्या नवांचा खरा उपभोग मिळवावयाचा! ईशावास्य उपनिषदाचा पहिलाच मंत्र त्यागपूर्वक भोगाचा उपदेश करतो. मी तो लहानपणापासून पाठ म्हणत आलो, पण त्याचा अर्थ मला त्या रात्री, एका चौकटीतला १० हा आकडा पुसून तेथे ९ लिहिताना, प्रथम उमगला.

कोणी म्हणेल की, काही प्रसंगी उघड अग्रक्रम द्यावाच लागतो. हे खरे आहे. रुग्णाशी बोलणाऱ्या डॉक्टरच्या कॉलसाठी वेगळी वाट राखणे गैर नाही. पण जाणते अभियंते अशा मानाच्या रांगेलाही कमाल मर्यादा घालतात, कारण बिनमर्याद अग्रक्रमाखाली शेवटची रांग अक्षरशः उपाशी राहते. आणि हा अधिकार घरात कर्त्याने, कचेरीत व्यवस्थापकाने, सर्वांच्या देखत आणि सर्वांच्या हितासाठी वापरावयाचा असतो. सार्वजनिक रस्त्यावरच्या जकातदाराने तो विकावयाचा नसतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुराप्रमाणे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, ती याच विवेकाला धरून होती. अग्रक्रम गरजेला देता येतो. तो विकत दिला की पंक्तिप्रपंच झाला.

यंत्राच्या न्यायालाही शेवटी एक सीमा आहे. दोन जोडण्या सारख्याच थोडके मागत असतील, तर त्यातली कोणती हाक मृत्युशय्येवरून आली आहे हे यंत्राला कळत नाही. ते समता देऊ शकते, करुणा देऊ शकत नाही. करुणेसाठी वरच्या खोलीतल्या पुतण्याने खाली येऊन, "काका, आजीचं बोलणं होईपर्यंत थांबवू का?" असे विचारावे लागते, आणि त्याने ते पुढच्या रविवारी विचारलेही, जरी तोवर थांबविण्याची गरज राहिली नव्हती. त्याचे चित्रण वर जातच होते, आणि आई आपल्या नेहमीच्या, खालच्या आवाजात बहिणीशी बोलत होती.

वाढणे ज्यांच्या हाती आहे, मग ते घरातले असोत, कचेरीतले असोत की राज्यातले, त्यांना माझे एवढेच मागणे आहे की, कपाळ पाहून वाढू नका, थोडके मागणाऱ्याला मोठ्या भुकेच्या मागे बसवू नका, आणि वाढण्यापूर्वी आपल्या वाट्यातला दहावा भाग बाजूला ठेवा.